माथेरानचा घोडा : कमाई हंगामाची, पोट बारमाही

माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या कल्पनेशी विसंगत आहे, हातरिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन ई-रिक्षांच्या माध्यमातून करा आणि निधी नसल्याची सबब सांगू नका, असे न्यायालयाने राज्य सरकारला बजावले. या निकालाचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र, याच वादात दुसरा एक पक्षकार होता. ई-रिक्षांना विरोध करीत घोडेवाल्यांच्या संघटनाही न्यायालयात गेल्या होत्या. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाचा प्रश्न निकालाने मार्गी लावला. डोंगरावरच्या साडेचारशेहून अधिक परवानाधारक घोड्यांचे पुढे काय, हा प्रश्न तेथेच राहिला आहे.

या प्रश्नाकडे शहरातला वाचक सहसा दोनच बाजूंनी पाहतो. घोडा हा बिचारा राबवला जाणारा मुका जीव आहे, ही एक बाजू. आणि दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरताच गराडा घालणारा घोडेवाला हा पर्यटकाची लूट करणारा आहे, ही दुसरी. दोन्हींत तथ्य नाही असे नाही. परंतु तीन-चार घोडे बारा महिने पोसायचे म्हणजे नेमके काय करावे लागते, याचा हिशेब मांडल्याशिवाय कोणत्याही धोरणाचा भार शेवटी कोणावर पडणार हे कळत नाही.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा डोंगर पायाखाली घातला आणि इंग्रजांना मुंबईच्या उकाड्यापासून जवळचा आसरा मिळाला. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. त्याआधी वर येण्याची साधने म्हणजे पाय, पालखी आणि तट्टू. रेल्वे आली तरी तट्टू गेले नाही, कारण डोंगरावर मोटारींना मज्जाव राहिला. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला, तेव्हा या मज्जावाला आणखी बळ मिळाले. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, छोट्या रेल्वेच्या फेरीने, हातरिक्षाने किंवा घोड्यावरून. पर्यटकांप्रमाणेच किराणा, गॅसची सिलिंडरे आणि बांधकामाचे सामानही जनावरांच्या पाठीवरूनच गावात पोहोचत आले. वाहनबंदीमुळे माथेरानची हवा टिकली याचे कौतुक नेहमी होते. ती बंदी घोड्याच्या पाठीवर उभी होती, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

चार घोड्यांचा संसार

अडीचशे किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के, म्हणजे पाच ते सहा किलो कोरडी वैरण लागते. चार घोडे असतील तर रोजची वीस-पंचवीस किलो आणि वर्षाची सात ते नऊ टन. त्यावर कामाच्या दिवसांत हरभरा, गव्हाचा कोंडा, भरडा अशी चंदी. पाणी प्रत्येकी वीस ते तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दीड-दोन महिन्यांनी नालबंदी, कारण खूर महिन्याला पाऊण ते एक सेंटीमीटर वाढतो आणि जांभ्याच्या खडकाळ वाटेवर नाल झिजतेही लवकर. वर्षातून धनुर्वाताची लस, जंताचे औषध, दातांची तपासणी. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात. कडा धारदार झाल्या की गाल सोलवटतात, घास नीट चावला जात नाही आणि चंदी भरपूर देऊनही जनावर वाळत जाते. नवखा मालक अशा वेळी चंदी वाढवतो, जाणता मालक आधी तोंड उघडून पाहतो.

बैलापेक्षा घोडा पोटाने फार नाजूक. त्याचे जठर लहान असते आणि त्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर काढण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. त्यामुळे थोडे-थोडे, पण अनेकदा खायला द्यावे लागते. वेळ चुकली, वैरण एकाएकी बदलली किंवा पाणी कमी पडले की पोटशूळ उठतो. घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन खरवडू लागला, वारंवार लोळू लागला की पुढचे काही तास निर्णायक असतात. मोठे उपचार परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयासारख्या ठिकाणी होतात; पण तेथे न्यायचे तर आजारी घोड्याला आधी दस्तुरी नाक्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालावे लागते. माणसासाठी गावात रुग्णवाहिका येऊ शकते. घोड्यासाठी तशी व्यवस्था असावी, असे वाहनबंदीच्या इतक्या वर्षांच्या चर्चेत कोणी ठामपणे मांडल्याचे दिसत नाही.

पावसाळ्याची परीक्षा

नेरळ-माथेरान रेल्वे पावसाळ्यात बंद असते. अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी तेवढी चालू राहते. शनिवार-रविवारी धुक्याचे शौकीन येतात, परंतु एरवी गाव ओस पडते. घोडेवाल्याची आवक आटते ती नेमकी याच चार महिन्यांत, आणि घोड्याची देखभाल सर्वांत कठीण असते तीही याच चार महिन्यांत.

सतत ओल्या चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुराच्या तळाशी असलेला मऊ त्रिकोणी भाग सडू लागतो. काळपट, दुर्गंधीयुक्त स्राव येतो आणि दुर्लक्ष झाले तर घोडा लंगडतो. त्यावरचा उपाय साधा आहे, पण कष्टाचा. रोज चारही खूर उचलून खरवडायचे, धुऊन कोरडे करायचे आणि तबेल्याची जमीन उंच व कोरडी ठेवायची. पाठीवरची कातडीही पावसाने खराब होते. केसांचे पुंजके खपलीसह निघू लागतात. ओल्या पाठीवर खोगीर ठेवले की तंगाखाली जखम होते. ‘पाठ लागलेला’ घोडा पंधरा-वीस दिवस कामातून जातो. म्हणजे पावसाळ्यातला एखादा चांगला रविवार साधण्यासाठी ओल्या घोड्यावर खोगीर कसले, तर पुढचे दोन रविवार बुडतात. हा हिशेब अनुभवी घोडेवाल्याला कळतो. पण घरात पैसा नसेल तर कळूनही उपयोग होत नाही.

खरी भीती वैरणीची असते. ओल लागून बुरशी धरलेले गवत गाय-म्हैस एक वेळ पचवेल. घोड्याला त्याने पोटशूळ उठतो किंवा खोकला लागतो. दुसरीकडे डोंगरउतारावर कोवळे हिरवे गवत फुटलेले असते, फुकट असते आणि मोहात पाडणारे असते. वर्षभर सुक्या वैरणीवर असलेल्या घोड्याला ते एकदम पोटभर चारले तर पोट बिघडते आणि कधी कधी खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज येऊन जनावर पायच टेकू शकत नाही. हिरव्या चाऱ्यावर त्याला आठवडा-दहा दिवसांत हळूहळू आणावे लागते. पावसाळ्यात घोडा ‘चरून आपले पोट भरतो’ हा शहरी समज म्हणूनच खरा नाही.

पाऊस ओसरला की माशांचा काळ सुरू होतो. चावऱ्या गोमाशांमार्फत पसरणारा सर्रा हा रक्तातील परजीवींचा रोग याच सुमारास डोके वर काढतो. ताप येतो आणि जातो, पोटाखाली व पायांवर सूज येते, घोडा खात राहतो आणि तरी खंगत जातो. औषध आहे, परंतु निदान वेळेत व्हायला हवे. ग्लँडर्सचे तसे नाही. तो माणसालाही होऊ शकणारा जिवाणूजन्य रोग असून बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला दयामरण देण्यात येते. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक कायद्यानुसार त्याची खबर देणेही बंधनकारक आहे. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाच्या नमुन्यांची तपासणी होते. एका डोंगरावर साडेचारशे घोडे, पाण्याच्या टाक्या सामायिक, नाक्यावर नाकाला नाक लावून उभे राहणे रोजचे. अशा ठिकाणी नियमित रक्ततपासणी ही मेहेरबानी नव्हे, सार्वजनिक आरोग्याची गरज आहे. घोड्यांचा इन्फ्लुएन्झा २००८ मध्ये कटऱ्याहून सुरू होऊन देशभर पसरला होता, हे विसरून चालणार नाही.

शनिवार-रविवारची दौड

दिवाळीपासून पर्यटक पुन्हा वाढतात. नाताळ, नववर्ष, मग एप्रिल-मे हा भर हंगाम. पण मुंबई-पुण्याहून येणारी गर्दी आता मुक्कामाची कमी आणि आठवडाअखेरची अधिक झाली आहे. पर्यटन व्यवसायाच्या दृष्टीने हा बदल किरकोळ वाटेल. घोड्याच्या स्नायूंना तो किरकोळ नाही. पाच दिवस दावणीला उभा असलेला, त्या काळात चंदी पूर्ण मिळत असलेला घोडा शनिवारी सकाळी एकदम कामाला जुंपला तर त्याच्या मांड्यांचे स्नायू दगडासारखे ताठरतात, लघवी काळपट होते, पाऊल उचलत नाही. युरोपातील गाडीचे घोडे रविवारच्या सुट्टीनंतर असेच आखडत, म्हणून तिकडे या दुखण्याला सोमवारचा आजार म्हणत. माथेरानमध्ये तो शनिवारचा म्हणावा लागेल. रिकाम्या दिवसांत चंदी निम्म्यावर आणणे, रोज तासभर तरी फिरवणे आणि शनिवारची पहिली फेरी संथ ठेवणे एवढी काळजी पुरते. मात्र नाक्यावर गिऱ्हाईक वाट पाहत असताना पहिली फेरी संथ ठेवायला मालकाच्या गाठीशी चार पैसे असावे लागतात.

उन्हाळ्यात माथेरानच्या उंचीमुळे पायथ्याइतका उकाडा नसतो. चणचण असते ती पाण्याची. कष्टाने घामेजलेल्या घोड्याला पाण्याबरोबर मीठही लागते. कामाच्या तासांबाबत नियम जुना आहे. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक राबवता येत नाही. तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. हा नियम मालवाहतुकीच्या जनावरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. स्वाराचे वजन त्यात स्वतंत्रपणे धरलेले नाही. घोड्याने आपल्या वजनाच्या सुमारे पंचमांश भार, तोही खोगीर धरून, वाहावा असा जाणकारांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्या हिशेबाने अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नास किलो. प्रत्यक्षात ऐंशी-नव्वद किलोचा गृहस्थ पायऱ्यावर पाऊल ठेवून खुशाल वर चढतो आणि त्याला अडवण्याची पद्धत नाही. नाक्यावर एक वजनकाटा बसवायला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू नये.

ई-रिक्षा आली, पुढे काय?

डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांनी प्रायोगिक सेवा सुरू झाली. शाळकरी मुले, वृद्ध, आजारी माणसे यांना मिळालेला दिलासा निर्विवाद होता. वर्षानुवर्षे पाठीवर दप्तर घेऊन चिखल तुडवणाऱ्या मुलांना ‘घोडेवाल्यांचे पोट जाईल’ म्हणून ई-रिक्षा नाकारणे कोणत्याही न्यायात बसत नाही. त्यामुळे ई-रिक्षा नकोच, ही घोडेवाल्यांच्या संघटनांची भूमिका टिकणारी नव्हती. न्यायालयाने २०२४ मध्ये ई-रिक्षांची संख्या पुढील आदेशापर्यंत २० वर सीमित ठेवली आणि त्या हातरिक्षाचालकांनाच देण्याचे स्पष्ट केले. घोडेवाला या वाटणीत कोठेच नाही.

घोडेवाल्यांनी लोकांची सहानुभूतीही काही अंशी स्वतःच्या हाताने घालवली आहे. रेल्वे बंद आहे, ई-रिक्षा मिळत नाही, असे सांगून दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल केली जाते, या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच गाव बंद ठेवले होते. सगळे घोडेवाले असे नसतात हे खरे; पण चुकीचे करणाऱ्यांना आवर घालण्यासाठी संघटनांनी पुढाकार घेतल्याचे चित्र फारसे दिसले नाही.

रस्त्याचा वादही असाच गुंतागुंतीचा आहे. ई-रिक्षेला सपाट रस्ता हवा, म्हणून पेव्हर ब्लॉक आले. नाल मारलेला खूर तुळतुळीत, ओल्या ब्लॉकवर घसरतो, अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे आणि लोखंड व गुळगुळीत पृष्ठभाग यांचे नाते पाहता ती रास्त आहे. लाल मातीची धूप आणि धूळ हाही वास्तव प्रश्न आहे. घोड्यांच्या टापांनी माती मोकळी होते, लीद तीत मिसळते आणि ते मिश्रण हवेतही जाते, पावसात पाण्यातही जाते. एका तट्टाची दिवसाची लीद दहा किलो धरली तरी साडेचारशे घोड्यांची साडेचार टन होते. तिचे खत करण्याची पक्की व्यवस्था असती तर तोच एक जोडधंदा ठरला असता. न्यायालयाने दस्तुरी नाका ते छत्रपती शिवाजी महाराज पुतळा या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉकना परवानगी दिली. अंतर्गत रस्ते व पायवाटांवर मनाई केली. या निर्णयात घोड्यांच्या दृष्टीने एक संधी दडलेली आहे. मुख्य मार्ग ई-रिक्षांना आणि डोंगरकड्यांवरील पॉइंटांच्या मातीच्या वाटा घोड्यांना, अशी विभागणी लेखी नियमांत आणता येईल. नाक्यापासून बाजारापर्यंतच्या वाहतुकीवरची पकड सोडण्याच्या बदल्यात पॉइंटदर्शनाचे निश्चित दर, निश्चित तास आणि वजनाची मर्यादा यांचा आग्रह संघटनांनी धरला, तर त्यांच्या बाजूने बोलणारे लोक वाढतील.

घोड्यांची संख्या मात्र कमी करावी लागेल, हे कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे. देशातच घोडा मागे पडतो आहे. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास असलेले घोडे व तट्टे २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांवर आले. प्रश्न असा, की संख्या कमी होणार ती ठरवून की उपासमारीने? मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत पर्यटक थांबले तेव्हा माथेरानच्या घोड्यांसाठी प्राणिप्रेमी संस्था व देणगीदारांना चारा पोहोचवावा लागला होता. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आदळले. उत्पन्न थांबले की घरातल्या खर्चात पहिली कात्री चंदीला, मग नालबंदीला, मग औषधाला लागते, हे त्या काही महिन्यांत दिसले. ई-रिक्षांमुळे उत्पन्न एका दिवसात थांबणार नाही, हळूहळू घटेल. अशी हळूहळू होणारी घट अधिक धोक्याची, कारण तिच्यासाठी कोणी मदतफेरी काढत नाही.

मुंबईचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि एका वर्षाची मुदत देऊन मालक व घोड्यांच्या पुनर्वसनाकडेही लक्ष द्यायला सांगितले. विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया दक्षिण मुंबईत धावू लागल्या त्या २०२१ मध्ये. मधल्या वर्षांत गाडीवानांच्या पुनर्वसनावर बैठका झाल्या, घोषणा झाल्या. घोड्यांचा विषय मात्र चर्चेतून लवकरच मागे पडला. न्यायालयाचा हेतू प्राण्यांच्या भल्याचा होता. परंतु तट्टाचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असते आणि काम थांबले तरी त्याची रोजची पाच-सहा किलो वैरण थांबत नाही. विकलेला घोडा लग्नाच्या वरातीत गेला, वीटभट्टीवर गेला की रस्त्यावर सोडला गेला, याची नोंद ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे नाही.

माथेरानमध्ये हे टाळायचे तर काही गोष्टी आजच ठरवता येतील. प्रत्येक परवान्याबरोबर घोड्याची सूक्ष्मचिपद्वारे ओळख, ठरावीक वयानंतर सक्तीची निवृत्ती, निवृत्त घोडा विकल्यास त्याची नोंद, नवा परवाना बंद, आणि पावसाळ्याचे चार महिने नगर परिषदेच्या पुढाकाराने सवलतीच्या दरात वैरण. पर्यटकांकडून प्रवेशकर घेतला जातोच. त्यातला काही वाटा वैरणीच्या साठ्यासाठी राखून ठेवला तर कोणी तक्रार करणार नाही. स्वेच्छेने घोडा सोडू इच्छिणाऱ्याला ई-रिक्षेच्या पुढच्या वाटपात स्थान देण्याचा विचारही राज्य सरकारला करता येईल.

मुदत मात्र घोड्याच्या वर्षाप्रमाणे पाळावी लागेल, सरकारी आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे. पाऊस संपल्यावर कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यात गवताची कापणी होते, तेव्हा वैरण स्वस्त असते आणि कोरडीही असते. वर्षाची बेगमी त्याच काही आठवड्यांत करावी लागते. जूननंतर मिळते ते महागडे आणि बहुधा ओल लागलेले. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या दावणीला चार घोडे ठेवायचे की दोन, याचा निर्णय घोडेवाल्याला त्यामुळे दिवाळीच्या सुमारास, गवताच्या पेंढ्यांचा सौदा करतानाच घ्यावा लागतो. धोरण त्याआधी जाहीर झाले तर तो दोन घोडे विकण्यासाठी चांगले घर शोधू शकेल. नंतर झाले, तर चौघांची वैरण दोघांच्या पैशात भागवावी लागेल.